वर्षभर न हललेला ठोकळा

कमल ओव्हाळ विक्रोळीच्या चाळीतून रोज पवईवरून जाणाऱ्या बसने अंधेरीला यायची. तिथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ती प्रयोगशाळेची शिपाई होती. वय एकतीस, शिक्षण मॅट्रिक. बसमध्ये खिडकी मिळाली की तलावाकडे बघता बघता तिचा स्टॉप मागे जायचा. दोनदा ती थेट डेपोत पोचली होती. "अर्धं डोकं घरी ठेवून येतेस काय गं?" तिची बहीण नंदा विचारायची.

१९८४ साली तिच्या प्रयोगशाळेत उत्तरा मॅडमचं पीएच.डी.चं काम सुरू झालं. विषय घर्षण. पुस्तकांत थांबलेल्या वस्तूला एक नियम असतो, सरकणाऱ्या वस्तूला दुसरा. मॅडमना दोन्ही अवस्था, आणि मधला तो निसटता क्षणही, एकाच समीकरणात हवा होता. मांडणी साधी होती. पोलादी पाटावर बिडाचा ठोकळा, त्याची दोरी कप्पीवरून खाली सोडलेली, टोकाला पारडं. पारड्यात कमल वजनं टाकायची. ठोकळ्याखाली एक बारीक सुई आणि सुईला आरशाचा तुकडा चिकटवलेला. ठोकळा केसभर हलला तरी आरसा वळायचा आणि भिंतीवरचा उजेडाचा ठिपका बोटभर सरकायचा.

पडदे ओढलेल्या त्या खोलीत कमल ठिपक्याकडे तासन् तास बघत बसायची. वजन टाकलं की तो किंचित पुढे, काढलं की मागे, झोपेत कुशीवर वळावं तसा.

"मॅडम, हा निघायच्या आधीच थोडा निघतो. आणि परत येतो."

"हो गं. दोन्ही पृष्ठभागांवर बारीक उंचवटे असतात, ते एकमेकांत अडकतात. आधी वाकतात, मग सुटतात."

त्या दिवसापासून कमलला ठोकळ्याखाली गवताचं रान दिसायला लागलं. वाऱ्यावर वाकणारं, पुन्हा उभं राहणारं. डबा खाताना, झाडू मारतानाही तिच्या डोळ्यांपुढे ते रान डुलत असायचं.

तीन महिन्यांनी विभागप्रमुखांनी नोंदवही चाळली. ठोकळा सुटायला किती वजन लागलं, ते तिच्यात रोज लिहिलेलं असायचं. रोजचा पहिला आकडा मोठा, सोमवारचा त्याहून मोठा. "ओव्हाळबाई पाट नीट पुसत नाहीत," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "हे सगळं रद्द करा. पुन्हा सुरुवात करा."

कमलचे कान तापले. पाट ती रोज दोनदा स्पिरिटने पुसायची. त्या संध्याकाळी बसमधून तिला तलाव दिसलाच नाही. सकाळी ती मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"मॅडम, सोमवारी तो जास्त वेळ बसलेला असतो ना. म्हणून तर नसेल?"

"कधीपासून बसलाय, ते आपण कुठे लिहिलंय?"

"मी लिहिलंय." कमलने वहीचा समास दाखवला. "मला विसरायला होतं. म्हणून ठोकळा ठेवला की वेळ टिपून ठेवते."

मॅडम बराच वेळ समास वाचत राहिल्या. मग दोघींनी मुद्दाम मोजलं. एक मिनिट विसावा, दहा मिनिटं, शंभर मिनिटं. दर दसपटीला ठोकळा हलायला जेमतेम नऊ ग्रॅम जास्त लागत होते. "परदेशात काही जणांनी दगडांवर असंच पाहिलंय," मॅडम म्हणाल्या. "मी वाचलंही होतं. आणि आपल्या समोर घडतंय ते कळलं नाही!" रद्द होणारे तीन महिने वाचले. समीकरणात विसाव्याच्या वेळेलाही जागा मिळाली. प्रमुखांनी आलेख पाहिला, "ओव्हाळबाई, त्या दिवशी मी..." एवढं बोलले आणि निघून गेले.

"वर्षभर बसला तर?" कमलने एकदा विचारलं.

"समीकरण म्हणतं, चारशे बारा ग्रॅम. खरं काय ते तूच बघ."

पंच्याऐंशीच्या जानेवारीत कोपऱ्यात तशाच मांडणीचा दुसरा ठोकळा बसला, काचेच्या पेटीत, चिठ्ठीसकट: 'हात लावू नये'. शेजारच्या वर्कशॉपमध्ये हातोडा वाजला की कमल कामातून मान वर करायची. गॅदरिंगच्या धांदलीत कोणीतरी पेटीवर ढोलकी ठेवली, तेव्हा कमलने श्वास रोखून, दोन्ही हातांनी, तान्हं मूल उचलावं तशी ती उचलली. पावसाळा गेला, दिवाळी गेली. तिने हिशेब केला होता: पाच लाख पंचवीस हजार सहाशे मिनिटं. कधी दुपारी पेटीसमोर बसली की तिला वाटायचं, त्या रानात गवत आता गुडघाभर वाढलं असेल, मुळांत मुळं गुंतली असतील.

वर्षाने मॅडमनी दिवा लावला. कमल वजनं टाकत गेली. चारशे. चारशे दहा. चारशे बारा. ठिपका थरथरला आणि थांबला. चारशे चौदाला तो भिंतीवरून सुसाट सुटला, पडद्यावर चढला.

मॅडमनी टाळी वाजवली. कमल मात्र ठोकळ्याकडेच बघत राहिली.

"काय झालं गं?"

"एवढा गाढ बसला होता. उठवायला नको होतं असं वाटलं."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल कमलच्या हातात दिली आणि आलेखावरचा शेवटचा बिंदू तिलाच काढायला लावला. प्रबंधाच्या आभारात तिचं पूर्ण नाव आलं. नंदाने ते शेजारणींना तीनदा वाचून दाखवलं. सत्त्याऐंशी साली कमल लॅब असिस्टंट झाली.