नव्या गाण्यातली घंटी

कारखान्यात त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. होता तो फिटर. पण लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू यंत्राच्या बेअरिंगवर टेकवून, लाकडी मूठ कानापुढच्या हाडावर दाबून, श्वास रोखून उभा राहिला की दवाखानाच आठवायचा. एका बेअरिंगला दोन मिनिटं, कमी नाही. बेचाळीस बेअरिंगं, दर सोमवारी, बत्तीस वर्षं. ‘हे पंधरा दिवस काढेल,’ म्हणाला की सोळाव्या दिवशी ते बदललेलं बरं, हे मोठ्या साहेबांनाही ठाऊक होतं.

कंपनीने कानात घालायला रबरी बुचं दिली होती. बाकीच्यांनी घातली. डॉक्टरने ती खणात टाकली.

“बुचं घालून ऐकू काय, कपाळ?”

त्याच कानाला कॅन्टीनमध्येही मान होता. कोपऱ्यातल्या टेबलावर चौघे बसत: डॉक्टर, जळलेल्या विजेच्या मोटारींना नवी तार भरणारा वाइंडर, पाट्या रंगवणारा पेंटर आणि क्रेनवाला. चौघांना वेड एकाच दिग्दर्शकाचं. त्याचे अकरा सिनेमे आणि अकराही सिनेमांना संगीतकार एकच. त्या संगीतकाराला ही मंडळी ‘मास्तर’ म्हणत. कुणी त्याला पाहिलेलं नव्हतं, पण घरातल्या वडीलधाऱ्यासारखं त्याचं नाव निघायचं.

नवी गाणी आली की सुट्टीच्या दिवशी पेंटरकडे जमायचं, असा रिवाज होता. गाणं एकदा पूर्ण ऐकायचं. मधे बोलायचं नाही, कपसुद्धा उचलायचा नाही. संपल्यावर पहिला शब्द डॉक्टरचा.

हा मान त्याला फुकट मिळाला नव्हता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मास्तरांच्या एका गाण्यात दुसरं कडवं संपताना लोखंडी त्रिकोणी वाद्यावर एकच बारीक ठोका पडला होता. तो फक्त डॉक्टरला ऐकू आला. कॅसेट चार वेळा मागे नेऊन त्याने तो सगळ्यांना ऐकवला. वाइंडरने तेव्हा त्याला मिठीच मारली होती.

“लेका, सुई पडली तरी तुला कळेल ती कुठल्या शिंप्याची!”

तेव्हापासून दोघांची जोडी जमली. डबा एकत्र, सिनेमा एकत्र.

बाराव्या सिनेमाच्या वेळी क्रेनवाला बातमी घेऊन आला. दिग्दर्शकाने मास्तरांना बाजूला सारलं होतं. नवा संगीतकार घेतला होता.

“एवढ्या वर्षांचा संसार मोडला म्हणायचा,” क्रेनवाला म्हणाला.

“मास्तर थकले असतील,” वाइंडर म्हणाला.

“थकलेल्या माणसाला विचारायचं असतं. परस्पर बदलायचं नसतं,” डॉक्टर म्हणाला. त्याचा आवाज जरा चढला.

का चढला ते तिघांना माहीत होतं. मागच्याच महिन्यात ऑफिसने हातात मावेल एवढं एक उपकरण आणलं होतं. बेअरिंगला लावलं की पडद्यावर आकडा दाखवायचं. डॉक्टरची नोकरी एक वर्ष उरली होती.

“अरे, आधी ऐकू तर दे,” वाइंडर हसून म्हणाला. “रोगी बघायच्या आधीच दाखला लिहितोस, कसला रे डॉक्टर तू?”

सुट्टीच्या दिवशी पेंटरच्या खोलीत चौघे बसले. पेंटरने फोन मोठ्या स्पीकरना जोडला. गाणं सुरू झालं. डॉक्टरने डोळे मिटले. खालचा ठेका आला, गाणाऱ्या बाईचा आवाज आला. पहिलं कडवं संपलं आणि पुढे बराच वेळ नुसता ठेकाच. मग दुसरं कडवं. मग पुन्हा तसंच. गाणं संपलं. तिघे त्याच्याकडे बघत राहिले.

“रिकामं आहे,” डॉक्टर म्हणाला. “कडव्यांच्या मधे काहीच केलेलं नाही. मास्तरांनी त्या जागेसाठी आठवडा घालवला असता. हा नवा ठेका चालू ठेवून जेवायला गेलाय.”

क्रेनवाल्याने मान हलवली. पेंटरने आधी भुवई उचलली, मग त्यानेही हलवली. डॉक्टरच्या शब्दाबाहेर जायची दोघांना सवयच नव्हती.

वाइंडर मात्र म्हणाला, “आणि ती घंटी?”

“कसली घंटी?”

“कडव्यांच्या मधली. किती बारीक काम केलंय. पावसाचं पाणी पन्हळीतून ठिबकावं तशी वाजत राहते.”

डॉक्टरला वाटलं, हा आपली फिरकी घेतोय. मास्तरांना काढल्याचं याला काहीच नाही, वर चेष्टा.

“तारा भरून भरून तुझ्या कानातही तांबं भरलंय,” तो म्हणाला. “घंटी म्हणे! उद्या सनई ऐकू येईल.”

दोघे हसले. वाइंडर हसला नाही.

“मला ऐकू आलं ते मी सांगितलं.”

“तुला काय ऐकू येतं ते आपल्या टेबलावर अठ्ठावीस वर्षं कुणी विचारलेलं नाही.”

वाइंडर उठला, चपला घातल्या आणि गेला. दार त्याने हळूच लावलं, तेच जास्त लागलं.

तिथेच दिग्दर्शकाला पत्र लिहायचं ठरलं. सांगितलं डॉक्टरने, लिहिलं पेंटरने, पाट्यांवर काढतो तशा ठसठशीत अक्षरात. ‘कडव्यांच्या मधली जागा रिकामी सोडून नव्या संगीतकाराने आळस केला आहे. आम्ही कामगार माणसं आहोत. आळस आम्हाला ओळखता येतो.’ पहिली सही डॉक्टरची. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः जाऊन पत्र टाकलं.

वाइंडर आता कॅन्टीनमध्ये येईनासा झाला. आपल्या कामाच्या बाकावरच डबा उघडायचा. पत्राचं त्याला क्रेनवाल्याकडून कळलं.

आठवडा गेला. एका संध्याकाळी डॉक्टरने घरी मास्तरांची जुनी कॅसेट लावली. भांडणाने तोंड कडू झालं होतं, म्हणून जरा बरं वाटावं एवढाच हेतू. दुसरं कडवं संपत आलं. त्याने बोट उचललं, नेहमी उचलायचा तसं, त्या ठोक्याबरोबर खाली आणायला.

बोट वरच राहिलं. पुढचा ठेका सुरूही झाला.

त्याने कॅसेट मागे नेली. पुन्हा लावली. झिजली असेल. त्याने हत्यारांच्या पेटीतून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक स्पीकरच्या खोक्यावर टेकवलं, मूठ हाडावर दाबली, श्वास रोखला. खालचा ठेका डोक्यात घुमला. वर काही नाही.

बायको दारात उभी राहून बघत होती.

“अहो, हे काय चाललंय?”

“तो ठोका आता वाजला का गं?”

“वाजला की. नेहमीसारखा.” ती थोडं थांबली. “तुम्हाला नाही आला?”

त्याने कॅसेट बंद केली. त्याला कंपनीची दर वर्षीची तपासणी आठवली. कानावर हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. मागची तीन वर्षं तो नर्सच्या मनगटाकडे बघत होता. आवाज सोडताना तिचं मनगट हललं की बटण दाबायचा. हेडफोन खराब आहेत, असं त्याने स्वतःला सांगून ठेवलं होतं. गेल्या वर्षी दोन बेअरिंगं त्याच्या शब्दाआधीच गेली होती. तेव्हा त्याने मालाला नावं ठेवली होती.

रात्रभर त्याला मास्तर आठवले नाहीत, ते उपकरणही आठवलं नाही. आठवत राहिला तो न पाहिलेला नवा माणूस. त्याने काम केलं होतं. बारीक, वेळ घालवून केलं होतं. आणि त्याला आपण आळशी म्हणालो, तेही सही करून.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो वाइंडरच्या बाकाशी गेला. समोर उघडी मोटार होती, अर्धी तार भरलेली. वाइंडरने वर बघितलं आणि पुन्हा डब्यात बघितलं.

“पत्र टाकलं?”

“टाकलं.”

“पहिली सही?”

“माझी.”

“मग झालं तर.”

डॉक्टर स्टूल ओढून बसला. मग तो म्हणाला, “मला मास्तरांचा ठोका ऐकू येत नाही.”

वाइंडरचा घास हातातच राहिला. “कधीपासून?”

“कोण जाणे. मी बघितलंच नाही.”

“आणि बेअरिंगं?”

डॉक्टरने मान खाली घातली. वाइंडरने डबा बाजूला सारला, हात पुसले.

“पेंटरला आणि क्रेनवाल्याला सांगितलंस?”

“नाही. ते परत कधी ऐकतील का माझं?”

‘ऐकतील’ असं खोटं वाइंडरला सांगता आलं नाही.

“ते नवं गाणं लाव,” डॉक्टर म्हणाला. “घंटी कुठे कुठे आहे ते दाखव. तेवढं तरी नीट कळू दे. त्या माणसाला दुसरं पत्र लिहायचं आहे.”

वाइंडरने फोन बाकावर ठेवला. पहिलं कडवं संपलं आणि त्याने मोटारीच्या पत्र्यावर बोट टेकवायला सुरुवात केली. टक. टक, टक. मधे जरा थांबलं. पुन्हा टक. बोट भराभर चालत होतं, कुठे हलकं, कुठे जोरात, आणि एवढं काम त्या रिकाम्या जागेत होतं. डॉक्टर बोटाकडे बघत राहिला, नर्सच्या मनगटाकडे बघायचा तसा.

दुसऱ्या कडव्यानंतर बोट चालता चालता थांबलं. घंटीच थांबली होती, की वाइंडरला पुढे दाखववेना, हे डॉक्टरला कळेना. वर बघून विचारायचा धीर झाला नाही. ठेका चालू होता. तो बोट हलायची वाट बघत बसून राहिला.