सात नंबर

आमच्या कापसाच्या जिनिंगमधल्या सुभेदारांना कुणी बोलताना मध्येच तोडलं तर ते रागवत नसत, थांबत. असे थांबत, की तोडणाऱ्याला स्वतःचाच आवाज ऐकू येऊ लागे आणि तो वरमून गप्प होई. मग ते विचारत, "झालं? अंगठा उचलला?"

हा अंगठा वॉकीटॉकीच्या बटणावरचा. सैन्याच्या सिग्नल विभागात उमर घालवून सुभेदार मानवत गावी आमच्याकडे सुरक्षा अधिकारी म्हणून आले. मी तिथला मॅनेजर, आणि नकला हा माझा बिनपगारी जोडधंदा. पहिल्याच बैठकीत त्यांनी मालकांसमोर सेट धरला. "मालक, हे बटण दाबून धरलंय तोवर समोरचा कितीबी ओरडू द्या, तुमाला ऐकू येत न्हाई. बोललं की अंगठा उचलायचा. साहेब लोकं इथंच चुकायलेत." हे आपल्याला किती पटलं ते मालकांनी अर्धा तास सलग बोलून सांगितलं. सुभेदार त्यांच्या अंगठ्याकडे बघत बसले होते.

नुसतं 'हो साहेब' त्यांना चालत नसे. निरोप घेणाऱ्यानं तो आपल्या शब्दांत परत सांगायचा. हमाल, ड्रायव्हर, मी, कुणालाच सूट नव्हती. मी एकदा मुद्दाम त्यांचाच निरोप त्यांच्याच आवाजात परत सांगितला. "निरोप बरोबर," ते म्हणाले. "आवाज माझ्यापेक्षा बरा हाय."

एका हंगामात आमचा उद्याचा खरेदीभाव आदल्या संध्याकाळीच बाजारात पोचू लागला. मालकांचा संशय मुनीमजींवर, आणि त्यांना काढून टाकायची भाषा सुरू झाली. सुभेदार काही दिवस फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा पीत बसले. मग भर बैठकीत म्हणाले, "गळती सापडली."

"नाव घ्या," मालक गरजले.

"आत चला. तुमालाच सांगतो."

केबिनचं दार लागलं. बाहेर आले ते मालक मुनीमजींसाठी चहा मागवत आले. टपरीपाशी उभं राहून फोनवर मोठ्यानं भाव सांगणारे गृहस्थ मालकच होते. सुभेदारांनी हे कुणाला कधीच सांगितलं नाही. पुढं मालकांनीच हसत हसत सांगितलं. "ज्याला लागते त्यालाच गोष्ट द्यायची," एवढंच सुभेदारांचं म्हणणं.

रोज सकाळी काम सुरू होण्याआधी ते सेटवर हजेरी घेत. एक म्हणजे फाटक, दोन वजनकाटा, असं करत सहा नंबर रुईच्या गाठींचं गोदाम. शेवटी सात. सात म्हणजे मागच्या क्वार्टरमध्ये गुडघ्यांनी अडवून ठेवलेल्या काकू, सुभेदारांच्या पत्नी. मालकांच्या परवानगीनं एक जुना सेट त्यांच्या उशाशी असे.

"सात, ऐकू येतंय का?"

"येतंय की. पोहे थंड व्हायलेत."

"संदेश मिळाला. पोहे थंड होत आहेत. येतो."

सगळी जिनिंग या संवादासाठी कान लावून असे. एका सकाळी मी काकूंच्या आधी काकूंच्या आवाजात बोललो. सेटवर जरा खरखर झाली. मग सुभेदार म्हणाले, "सात, आज तुमाला मिशा फुटल्यात का?" मागून काकूंचं हसू ऐकू आलं. ते बराच वेळ थांबेना.

काकू गेल्या. गावाकडचे विधी उरकून सुभेदार परत आले आणि दुसऱ्या सकाळी हजेरी सुरू झाली. सहापर्यंत सगळं नेहमीसारखं. मग, "सात." ते थांबले. आम्हीही जागच्या जागी थांबलो. "सात शांत आहे. कामाला लागा." त्यानंतर हे रोजच झालं.

मालकांनी जिनिंग एका मोठ्या कंपनीला विकली. नव्या ऑफिसनं सेट बंद केले. आता सगळं फोनवरच्या ग्रुपमध्ये येणार होतं. शेवटच्या हजेरीला मी वजनकाट्यावर होतो. तिथल्या सुमनबाईंनी सेट माझ्या हातात दिला. "सायेब, आज शेवटचंच हाय. बोला की काकूच्या आवाजात. म्हाताऱ्याला लय बरं वाटंल."

"सात," सुभेदारांनी हाक दिली.

काकूंचा आवाज माझ्या घशात तयार होता. पोह्यांसकट. अंगठा बटणावर टेकला. पण दाबलं असतं तर काकूंची ती रिकामी जागा मी अडवून बसलो असतो. मी अंगठा उचलला. सहाही पोस्टवर कुणी बटण दाबलं नाही. नुसती खरखर येत राहिली.

"सात शांत आहे. कामाला लागा."

सेट जमा करायला ते माझ्याकडे आले. "मॅनेजरसाहेब, आज तुमचा आवाज येतो का काय, असं वाटलं होतं."

"मग?"

"आला न्हाई. बरं झालं."

ते देवगाव फाट्याजवळच्या आपल्या गावी गेले. मी फोन करायचो. नमस्कार झाला की ते बोलायला जागा सोडत आणि मी ती भरून टाकत असे. गेल्या हिवाळ्यात तेही गेले.

मी अजून त्याच कंपनीत बैठका घेतो. तरुण मंडळी माझ्या नकलांवर हसतात. बोलून झालं की मी एकेकाला नावानं विचारतो, आणि शेवटच्याचंही ऐकून झाल्यावर आणखी थोडा थांबतो. पोरांना वाटतं, साहेब पुढचं वाक्य विसरले. कुणी चुळबुळतं, कुणी फोन बघतं.

मग मी म्हणतो, "कामाला लागा."