पाखरं बघायला बाई हवी

पाखरांपेक्षा माणसांच्या मागे जास्त धावणारा पक्षीवाला अख्ख्या दुनियेत एकच झाला, तो म्हणजे माझा साडू. कोल्हापूरकडचा माणूस, सरकारी हापिसात कारकून. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास बदली होऊन रत्नागिरीत आला, तो गळ्यात दुर्बीण घालूनच. जेवतानासुद्धा काढायचा नाय. एकदा ती आमटीत बुडली, तर याने आधी दुर्बीण पुसली आणि मग मेव्हणीची बोलणी खाल्ली. दर रविवारी पहाटे माणसं गोळा करून हा त्यांना गावाबाहेरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या माळावर, पाखरं बघायला न्यायचा. पण गोळा व्हायचे कोण, तर पेन्शनवाले. सगळे पुरुष, सगळ्यांना माकडटोपी, सगळ्यांना बीपी. याचं साडूला भारी दुःख. "पाखरं सगळ्यांची, मग बघायला हेच का येतात? शेतकरी का येत नाही? खलाशी का येत नाही? बाई तर एक नाही." हे तो एष्टीत कंडक्टरला विचारायचा, दाढी करताना न्हाव्याला विचारायचा. मासळीबाजारात एका मावशीला विचारलं, तर ती बोलली, "दादा, तुझी घार माझ्या पाटीतला बांगडा रोज नेते. आता तिला बघायला पण मीच येऊ?" त्यावर हा घरी येऊन जेवलासुद्धा नाय.

माझी पिठाची गिरणी. शाळेची आणि माझी ओळख रस्त्यावरनंच. एक दिवस साडू गिरणीत आला, माझा हात धरला आणि बोलला, "साडूभाऊ, तुम्ही शिकलेले नाही. तुमची मला फार गरज आहे." माझ्या अडाणीपणाला आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाईक आलं, मी काय सोडतो? मातकट कपडे घालून या, पाखरं बुजतात, असं त्याने बजावलं होतं. मी सदरा मातकट घातला, पण केसापासून भुवयांपर्यंत पीठ तसंच. एका पेन्शनवाल्याने मला बगळा समजून दुर्बीण लावली आणि बराच वेळ काढली नाय.

सड्यावर बघायचं काय, ते मला कळेना. साडू खूष होता. "ही बाजू मी शोधून काढली. पलीकडे गडीमाणसांची वर्दळ असते, इकडे पहाटे एक पुरुष फिरकत नाही. शांतता बघा." मग त्याने करवंदीच्या जाळ्यांत शिरणारी, पायांनी गुळगुळीत झालेली एक वाट दाखवली. "जनावराची वाट. रोजची दिसते."

"कुठलं जनावर?"

"येईल ना. गप्प बसा."

कितीतरी रविवार आम्ही त्या जाळ्यांवर दुर्बिणी रोखून बसलो. जनावर काय येईना. साडू पण खचला. "एक बाई येऊ दे," तो बोलला, "एक आली तरी हे सगळ्यांचं झालं असं मी समजेन. नाहीतर पावसाळ्याआधी बंदच करतो. पेन्शनरांना हवा खायला माझी कशाला गरज?"

आणि पुढच्याच रविवारी बायका आल्या. खालच्या वाडीतल्या आठ-दहा जणी, पुढे एक म्हातारी, प्रत्येकीच्या हातात पाण्याचं टमरेल. साडूच्या डोळ्यांत पाणी. माझ्या कानात बोलला, "पाखरांसाठी पाणी आणलंय." मलापण ते पटलं, माझी अक्कल ती केवढी. साडू पुढे झाला, गळ्यातली दुर्बीण काढून म्हातारीच्या हातात ठेवली. "या आजी. किती वाट बघितली तुमची."

म्हातारीने दुर्बिणीकडे बघितलं, जाळ्यांकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"वाट बगताव ते दिसतंय आमाला. आयतवार आला की दुर्बिनी लावून बसताव. मंग आमी बायामानसांनी जायाचं कुटं?"

"कुठे जायचंय?" मी विचारलं. खरंच, मला कळलं नव्हतं. मागच्या बाया पदरात तोंड घालून हसायला लागल्या. एक पेन्शनवाला खोकला आणि गावाच्या दिशेने चालू पडला, त्याच्या मागे बाकीचे. तेव्हा कुठे ती टमरेलं, ती वाट आणि ती शांतता माझ्या डोक्यात शिरली. साडूचं तोंड जांभ्या दगडासारखं झालं. "चुकलं, आजी," एवढंच बोलला.

त्यानंतर तो दुपारी चारला जायला लागला. चारला ऊन टळटळीत, पाखरं झाडीत, पेन्शनवाले झोपेत. मी एकटाच त्याच्याबरोबर. दोघं कातळावर बसून कातळ बघायचो. मी बोललो, "आता बंद करा." तो बोलला, "पुढचा रविवार बघू."

अशाच एका दुपारी खालच्या वाडीतली एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चढून आली. आम्हाला बघून थांबली.

"काय दिसतंय काय?"

एरवी साडूने भाषण दिलं असतं. त्या दिवशी हळूच बोलला, "काहीच नाही, बाई."

"मंग बसते वाईच," ती बोलली. भारा उतरवला आणि आमच्यापासून जरा लांब, घाम पुसत, समोर बघत बसली.

साडूने मान वळवली नाय, की दुर्बिणीला हात लावला नाय. पाखरू हाताच्या अंतरावर येऊन बसावं, तसा तो श्वास धरून बसला. मग मी पण धरला.