असाहेल पिंगरीची ताकीद

नवं लग्न झालेल्या गड्याला डुकरांचा शिपाई नेमायचं, ही वेअरफोर्ड गावाची जुनी थट्टा. मार्चातल्या गावसभेत कुणीतरी उठून नाव पुकारायचं, सभा हसायची, नवरदेव लाजून मान खाली घालायचा आणि काम कुणीच करायचं नाही. असाहेल पिंगरीनं केलं. चिमटा घेऊन तो दारोदार हिंडला, मोकाट डुकरांच्या नाकात तारेच्या कड्या अडकवल्या, आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांची डुकरं सरळ कोंडवाड्यात घातली. त्यात गुत्तेवाल्या जोथम लीचची गाभण डुकरीणही गेली.

"अरं बाबा, थट्टा हुती ती!" जोथम ओरडत आला.

"मग हसा की," असाहेल म्हणाला. "डुकरीण कोंडवाड्यातच ऱ्हाईल."

गाव पोट धरून हसलं, पण पुढच्या मार्चात त्याच गावानं त्याला कॉन्स्टेबल केलं. अमेरिकेतल्या व्हर्मांटच्या त्या डोंगरात राजकारण असंच सुरू व्हायचं, डुकरापासून.

कॉन्स्टेबलचं एक काम म्हणजे उपऱ्यांना ताकीद देणं. गावात नवं बिऱ्हाड आलं की त्याच्या दारात जाऊन मोठ्यानं वाचायचं: अमक्यानं बायकापोरांसह वेअरफोर्डची हद्द सोडून चालतं व्हावं. जात कुणीच नसे. उद्या तो माणूस लंगडालुळा झाला तर त्याला पोसायचा भार गावावर नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाचून झालं की वाचणारा आणि ऐकणारा एकाच बाकावर बसून सफरचंदाची दारू प्यायचे.

हे असाहेलला पटेना. हिवाळा वाईट गेला, गावात आजारी उपरे वाढले, तेव्हा तो सभेत उभा राहिला. आवाज त्याचा खणखणीत. "चालतं व्हा म्हणायचं आन् संगं दारू प्यायची, ह्ये कसलं राज्य? शब्द बोललाय तर पाळा. न्हाईतर बोलू नका!" सभेनं ते मानलं. त्या दिवसापासून ताकीद मिळालेला माणूस अंथरुणाला खिळला, की त्याला गाडीत घालून हद्दीपलीकडं उतरवायचं ठरलं. पहिली गेली तिर्झा कॉब नावाची आजारी, पोटुशी विधवा. बैल असाहेलनं स्वतः हाकले. ती वाटभर त्याच्या पाठीकडं बघत बसली.

या एका ठरावावर माणूस मोठा झाला. गावानं त्याला राज्याच्या सभेत धाडला, आणि पुन्हा पुन्हा धाडत राहिला. पूल, लांडगे, मेंढ्या, कुंपणं, सगळ्यांवर तो बोलला. लोक त्याला मानानं 'स्क्वायर' म्हणायला लागले. तो कायदे करत होता तेव्हा शेतात झुडपं माजत होती. बायको डोर्कस तापानं गेली, धान्याची खोप जळाली, जमीन गेली. म्हातारपणी स्क्वायरला लोहाराच्या घरामागच्या एका खोलीत राहावं लागलं, तीही लोहाराच्या भलेपणावर.

अशात फेब्रुवारीत त्याची मुलगी केझाया दारात उभी राहिली. नवरा नदीत लाकडं वाहून नेताना ओंडक्यांखाली गेला होता. तिचे दिवस भरत आले होते.

"बाबा, आले बाई घरी एकदाची," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

असाहेलनं तिचे ओले बूट काढले, चुलीशी ठेवले. लग्न झालं की बाई नवऱ्याच्या गावची. नवऱ्याचं गाव दूर दक्षिणेला, तिथं तिच्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं. आणि वेअरफोर्डला ती उपरी. हा कायदा त्याच्याइतका कुणाला पाठ होता?

दुसऱ्या दिवशी तो जोथमच्या गुत्त्यावर गेला. जोथम आता गावचा कारभारी होता.

"जोथम, ताकीद देऊ नगंस. पोरीचं बाळंतपण हू दे. मग मी बघतो काय करायचं ते."

"काय बघणार हायेस, स्क्वायर? तुझं जेवण लोहाराची बायको घालती."

"मी काम करीन. लाकडं फोडीन."

"ह्या वयात?" जोथमनं पेला पुसत त्याच्याकडं पाहिलं. "माझी डुकरीण आठवती का तुला?"

"आठवती. चुकलं माझं. पाया पडतो."

जोथम दचकला. स्क्वायर पिंगरीला पाया पडताना गावात कुणी पाहिलं नव्हतं. तो हळूच म्हणाला, "डुकरिणीचं काय घेऊन बसलास गड्या. पर मी एकट्यानं सोडली तर उद्या समदे माझ्या दारात. सभेत माग."

मार्चातल्या सभेत असाहेल उभा राहिला. इतकी वर्षं ज्या आवाजानं त्यानं हे छप्पर हलवलं, त्या आवाजात आज विनवणी होती. "ती हितंच जन्मली," एवढं तो कसाबसा म्हणाला. "तुमी समद्यांनी तिला अंगाखांद्यावर घेतलीय. एकदा... एकदाच सोडा."

"तिर्झा कॉबला सोडली व्हती का?" मागून कुणीतरी विचारलं. टोमणा नव्हता तो, नुसता प्रश्न होता.

वेअरफोर्डात मत सांगायची रीत अशी, की बाजूनं असतील त्यांनी उजव्या भिंतीशी जायचं. तो काठी टेकत उजवीकडं गेला. लोहार आला. जोथमही आला, मान खाली घालून. बाकीचे जागेवरच उभे राहिले. त्यांतल्या अर्ध्यांना तर असाहेलनंच कुंपणाच्या भांडणात न्याय मिळवून दिला होता.

"स्क्वायर, तुमीच शिकिवलंय न्हवं," एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "बोललेला शब्द पाळायचा म्हनून."

दारात ताकीद वाचली गेली, आणि कळा सुरू होऊन केझाया अंथरुणाला खिळली तशी लोहारानं गाडी दिली. रस्ते चिखलानं भरले होते, चाकं आसापर्यंत रुतत होती. कॉन्स्टेबल हद्दीच्या दगडापर्यंत आला आणि थांबला. "तुमी उतरा, स्क्वायर. तुमी हितलेच. तुमाला कुणी काढलेलं न्हाई."

असाहेल उतरला नाही. केझाया कळा देत होती, त्याची बाही मुठीत आवळून धरत होती. त्यानं बैल हाकले.

पलीकडच्या बेलनॅप गावात पहिल्याच घरापुढं एक माणूस खोरं टेकून उभा होता. त्यानं टोपी काढली. "स्क्वायर पिंगरी? आमच्याकडं भाषण हाय का काय आज?"

"न्हाई बाबा. पोरीला आडोसा पायजे. बाईमाणूस कुणी असंल तर बोलाव."

माणसानं गाडीत डोकावून पाहिलं. टोपी परत डोक्यावर ठेवली. "म्हंजी ऱ्हायाला आलासा?"

असाहेलनं हातातला कासरा खाली ठेवला.

"थांबा हितंच," तो माणूस म्हणाला, आणि बायकोला हाक न मारता आधी रस्त्यापलीकडं, त्यांच्या कॉन्स्टेबलच्या घराकडं पळत सुटला.