आत्याचा शाळिग्राम

भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आमची अभ्याससहल कच्छला गेली. गुजरात म्हणजे द्वारका असं धरून हिरकणीवाडीच्या माझ्या आत्याने बजावलं होतं, देवाचं काहीतरी आण. द्वारका आमच्या वाटेत आली नाही आणि मीही साफ विसरलो. परत आल्यावर ती हात पुढे करून उभी राहिली, तेव्हा खिशात सापडला तो एक जीवाश्म. रोट्युलारिया, बोटाच्या पेराएवढ्या चकलीसारखी वळलेली दगडी नळी. समुद्राच्या तळाशी एक किडा अशी नळी बांधून तिच्यात राहायचा. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्याचा वंशच संपला.

“शाळिग्राम हाय काय?” आत्याने विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली. तेवढंच केलं.

तिने तो तुळशीच्या पानावर देव्हाऱ्यात ठेवला आणि घरात शाळिग्राम आला म्हणून मासळी सोडली. गडाच्या रोपवेपाशी झुणका-भाकरीची टपरी चालवणारी, मागेपुढे कोणी नसलेली बाई. सुकटीशिवाय तिचा घास उतरत नसे. मला वाटलं, महिनाभर टिकेल. नऊ वर्षं टिकलं. मी गेलो की ती अंगणात वेगळी चूल मांडायची, मला मासळीचं कालवण आणि भात वाढायची आणि स्वतः ताटात वरण घ्यायची. मी बोटं चाटत जेवायचो. या काळात महाडच्या कॉलेजात मुलांना हाच किडा शिकवत होतो, खडूने नळीचे वेढे काढून. आज हे लिहिताना स्वतःचीच किळस येते.

यंदा अशक्तपणाने ती टपरीत चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी अंडी-मासळी खायला सांगितली. घरात देव आहे म्हणून ती ऐकेना. तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. तो देव नाही, किड्याचं घर आहे, आणि मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, असं सगळं सांगून टाकलं. ती चिडेल, पण निदान उद्यापासून जेवेल, असा माझा हिशेब.

आत्याने देव्हाऱ्यातलं तुळशीचं पान सरळ केलं.

“किड्याचा तर किड्याचा,” ती म्हणाली. “नऊ वर्सं पुजलाय, आता तो देवच हाय. मासळी मी नाय खायाची. पण तू दर खेपेला कालवण परत मागून घ्यायचास रे. अन् तुला म्हाईत होतं.”