गिरणीचा ठेका
दळणाचा गरम डबा घरी आणला, की त्या वासाने बहिणीच्या हळदीची दुपार आठवते. ज्यांच्या अहिराणी गाण्यांवर खान्देशातल्या वराती नाचतात, ते आमचे नाना शेजारच्या गिरणीच्या ठोक्यावर चाली बांधायचे. त्या दिवशी नेमकी लाईट गेली, गिरणी थांबली. संध्याकाळी गाणं हवं आणि शेवटचं कडवं अडलेलं. नाना ओट्यावर नुसते येरझारा घालत होते. "ए, डबा वाजाड!" ते माझ्यावर खेकसले. मी वाजवला, पण दर चौथ्या ठोक्याला अडखळलो. "नाना, याला फक्त पीठ आणू द्या!" बहीण म्हणाली. नाना मात्र थबकले. "थांबू नको रे, हाऊच ठेका जोयजे व्हता!" हाच अडखळता ठेका त्यांना हवा होता; शेवटचं कडवं त्यावरच बसलं. आज धुळ्यापासून जळगावपर्यंत प्रत्येक वरात त्या अडखळण्यावर अचूक पाय टाकते. माझेही पाय शिवशिवतात. चुकतो तो मी एकटाच.