हातात दिलेला रुग्ण

ड्यूटी बदलताना रुग्ण एकाने दुसऱ्यावर सोपवला, असे केव्हा म्हणावे? सांगणाऱ्याने सांगितले तेव्हा, की ऐकणाऱ्याला कळले तेव्हा? हा प्रश्न घेऊन बसले की आमच्या वॉर्डातले ते डॉक्टर आठवतात.

घरी निघण्यापूर्वी ते आम्हां परिचारिकांना खाटेपाशी नेत, रुग्णाचे मनगट आमच्या हातात ठेवत आणि म्हणत, "घ्या सिस्टर. आता मला उलट सांगा, मी काय सांगितलं?" ते इथल्याच सारसोळे गावचे; आमच्याशी पुस्तकी बोलत, रुग्णांशी गावच्या बोलीत.

तुर्भ्याच्या बाजारातले एक हमालकाका ट्रकवरून पडून, पोटाला मार लागून आले होते. मूळचे साताऱ्याकडचे. मनगट माझ्या हातात येताच ते म्हणाले, "डॉक्टर, माजं लगीन लावताय व्हय? घरी कारभारीन हाय!"

"गप बसा काका, काकीला मी सांगन."

वॉर्ड हसला. मी निरोप उलट सांगितला : पोटाला मार, नाडी आणि रक्तदाब ठीक, तोंडाने काही द्यायचे नाही, लक्ष ठेवायचे. डॉक्टर काकांकडे वळले. "काका, सिस्टर काय इसरली का?"

"न्हाई. जरा खांदा दुकतोय. पर हमालाचा खांदा, दुकायचाच."

कोणालाही ते पटले असते.

"ओझं कंच्या खांद्यावर घेता?"

"उजव्या."

"आन दुखतोय कंचा?"

"डावा."

डॉक्टरांनी हातातली पिशवी खाली ठेवली. पोटात रक्तस्राव होत असला, तर कधी कधी कळ डाव्या खांद्यात उमटते, हे त्यांनी मला काकांना सोनोग्राफीला नेता नेता सांगितले. डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फाटली होती. तातडीने शस्त्रक्रिया झाली आणि काका वाचले.

आम्ही डॉक्टरांना मागून 'पाढेमास्तर' म्हणत असू. त्यांना ते ठाऊक होते. "मास्तर तर मास्तर," ते म्हणत, "घरी गेल्यावर मला झोप तर लागते."

गेल्या वर्षी ते वारले. आता निरोप काउंटरपाशी, संगणकाच्या पडद्यावरून मिळतो. तो सुवाच्य असतो, बहुधा पूर्णही असतो. काल नवे डॉक्टर दारातूनच म्हणाले, "सगळं ओके, सिस्टर."

"थांबा ना, तुम्हाला एकदा उलट सांगते."

"अहो, विश्वास आहे तुमच्यावर!" ते हसून म्हणाले आणि गेले.

प्रश्न विश्वासाचा नव्हता. मला कोणीतरी ऐकणारे हवे होते.

आपले माणूस रुग्णालयात असेल, तर ड्यूटी बदलताना खाटेपाशी थांबा. निरोप घेणारा तो उलट सांगतो का, आणि रुग्णाला कोणी विचारतो का, हे कृपया स्वतः पडताळून पाहा.